गच्चीवरची रेंजर, डांबरी सडकेवर

लातूरला माझ्या थोरल्या बहिणीच्या, म्हणजे आपाच्या घराच्या गच्चीवर एक सायकल पाच-सहा वर्षं भिंतीला टेकून उभी होती. ट्रॅक्टरसारख्या खाचांचे जाड टायर, पुढं दोन नळ्यांचा शॉकअप, अठरा गिअर. कंपनी कुठलीही असो, अशा सायकलीला आपल्याकडं रेंजरच म्हणतात. भाच्यानं दहावीला बरे गुण मिळवले म्हणून २०११ साली ती घेतली. पुढं भाचा नोकरीसाठी पुण्याला गेला आणि सायकल गच्चीवर गेली. भंगारवाला दोनदा येऊन किलोचा भाव सांगून गेला. दोन्ही वेळा आपानं त्याला हात हलवत परत पाठवलं.

कारण होतं २०१६चा उन्हाळा. मांजरा धरण कोरडं पडलं होतं. एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, हे सगळ्या देशानं वाचलं. पण रेल्वेचं पाणी टँकरमध्ये, टँकरचं कॅनमध्ये आणि कॅन घरात, हा शेवटचा प्रवास ज्याचा त्यालाच करावा लागायचा. आपाकडं तो या रेंजरनं केला. हँडलला दोन बाजूंना दोन कॅन, मागं कॅरिअरवर तिसरा, आणि भाचा सायकल हातानं ढकलत चाललेला. ती सायकल किलोच्या भावानं द्यायची म्हणजे काय, हे भंगारवाल्याला कुठून कळणार?

मी राहतो नांदेडला. वय छप्पन्न. गेल्या वर्षी डॉक्टरांनी रक्ताचा कागद पुढं सरकवला, साखर वाढलेली. रोज तासभर चाला म्हणाले. गुडघा चालू देत नाही म्हटलं, तर म्हणाले, मग सायकल चालवा, तिच्यात अंगाचा भार गुडघ्यावर येत नाही. दुकानात नव्या सायकलींच्या किमती ऐकल्या आणि मला गच्चीवरची रेंजर आठवली. आमच्या घरची बोली दखनी. आपा फोनवर जे म्हणाली त्याचं मराठी असं, 'नेतोस तर चालव. नुसती उभी करायची असेल तर माझी गच्ची काय वाईट आहे? आणि एकदा तिच्यावर बसून माझ्या घरी ये.'

नांदेड ते लातूर हे अंतर सव्वाशे किलोमीटरच्या वर आहे. मी हो म्हणून टाकलं. मोठ्या बहिणीला नाही म्हणायची आमच्याकडं पद्धत नाही.

एसटीच्या टपावर सायकल टाकायचे दिवस आता गेले. ओळखीच्या टेम्पोनं ती नांदेडला आली. मी हवा भरली, साखळीला तेल सोडलं आणि पहाटेच्या नमाजनंतर लातूर रोडला विष्णुपुरीपर्यंत जाऊन यायचं ठरवलं. जाऊन-येऊन वीसेक किलोमीटर. दीड तास लागला. टायर रस्त्यावर घूंऽऽ असा आवाज करत होते, जणू पिठाची गिरणी घेऊन निघालोय. उभं राहून पायडल मारावं तर पुढचा शॉकअप खालीवर नाचायचा. घरी आलो तेव्हा मांड्या भरून आल्या होत्या आणि मनात एकच विचार, सायकल म्हातारी झाली की मी?

दोघांचाही तसा दोष नव्हता. ही सायकल डांबरी सडकेसाठी जन्मलेलीच नाही.

तिच्या जन्माची गोष्ट मोठी मजेची आहे. अमेरिकेत कॅलिफोर्नियात मॅरिन नावाचा परगणा आहे, तिथं माउंट टॅमलपाइस हा डोंगर. १९७०च्या दशकात तिथली काही उडाणटप्पू पोरं १९३०-४०च्या काळातल्या जुन्या, जड सायकली भंगारातून उचलायची, त्यांना जाड टायर लावायची आणि डोंगरावरून कच्च्या रस्त्यानं खाली सुटायची. या सायकलींना मागच्या हबमध्ये उलटं पायडल मारून लागणारा ब्रेक असायचा. उतरता उतरता तो इतका तापायचा की आतलं ग्रीस जळून धूर निघायचा, आणि खाली पोहोचल्यावर हब उघडून नव्यानं ग्रीस भरावं लागायचं. ग्रीस पुन्हा भरण्याला इंग्रजीत रिपॅक म्हणतात, म्हणून त्या उताराचं नावच रिपॅक पडलं. २१ ऑक्टोबर १९७६ला तिथं पहिली शर्यत झाली. पुढच्या वर्षी जो ब्रीझ यानं अशा उतारासाठी खास सांगाडा बनवला. १९७९मध्ये गॅरी फिशर आणि चार्ली केली यांनी 'माउंटनबाइक्स' याच नावानं धंदा सुरू केला. १९८१मध्ये स्पेशलाइज्ड कंपनीची स्टंपजंपर कारखान्यातून मोठ्या संख्येनं बाहेर पडली, आणि मग ही सायकल जगभर पसरली. आपल्याकडं ती आली तेव्हा पोरांना डोंगर नको होता, तिचं रूप हवं होतं. नांदेडच्या वजिराबादेत कुठला आलाय डोंगर? तरी घरोघरी रेंजर आल्या.

म्हणजे मुळात रस्त्यावरची जुनी सायकल दुरुस्त करून डोंगरावर नेलेली, ती ही सायकल. आपल्याला तिला उलट्या वाटेनं परत आणायचं आहे. इतवाऱ्यातल्या माझ्या ओळखीच्या मिस्त्रींना मी ही गोष्ट सांगितली. त्यांना मी चाचा म्हणतो, सत्तरीच्या घरात आहेत. रिमचा आऊट काढता काढता त्यांनी ती ऐकली आणि म्हणाले, 'शायरसाब, म्हणजे तेही आपल्यासारखेच भंगारातले की!'

आता कामाचं बोलू.

पहिली गोष्ट टायर. खाचांचा टायर मातीत रुतून पकड घेतो, तेच त्याचं काम. डांबरावर मात्र त्याचा प्रत्येक उंचवटा आधी दबतो, वाकतो आणि मग सुटतो. एका फेरीत असे शेकडो उंचवटे. त्या दबण्यात आणि वाकण्यात तुमच्या पायांची ताकद उष्णता होऊन उडून जाते. तो घूंऽऽ आवाज म्हणजे तुमच्या घामाचाच आवाज. गुळगुळीत टायर लावला की हा खर्च थांबतो. पावसात गुळगुळीत टायर घसरेल अशी भीती अनेकांना वाटते. पण सायकलचा टायर अरुंद आणि गोल असतो, पाणी तो बाजूला सारतो. मोटारीसारखा पाण्यावर तरंगत नाही. ओल्या डांबरावर पकड रबराची असते, नक्षीची नव्हे. पांढऱ्या पट्ट्यावर आणि शेणावर मात्र कुठलाच टायर टिकत नाही, हे आपल्या रस्त्यांवर ध्यानात ठेवावं.

इथं मी एक चूक केली, ती तुम्ही करू नये. दुकानात जाऊन म्हटलं, छब्बीसचा बारीक टायर द्या. त्यांनी दिला. चाचांनी तो रिमवर चढवायला घेतला तर टायर ढिला, नुसता गोल फिरतोय. त्याच्यावर छापलं होतं २६ × १ ३/८. माझ्या सायकलच्या जुन्या टायरवर होतं २६ × २.१०. दोन्ही छब्बीसच, पण अपूर्णांकातलं छब्बीस वेगळं आणि दशांशातलं वेगळं. अपूर्णांकवाल्याची रिम ५९० मिलिमीटरची, रेंजरची ५५९ची. तब्बल ३१ मिलिमीटरचा फरक! जुन्या ब्रिटिश मापांचा हा घोळ आपण अजून निस्तरतो आहोत. म्हणून दुकानदाराला छब्बीस सांगू नका. टायरच्या बगलेवर बारीक अक्षरात दोन आकडे असतात, पहिला रुंदीचा आणि दुसरा रिमचा. दुसरा आकडा ५५९ हवा. मी शेवटी घेतला तो २६ × १.५०, त्यावर ४०-५५९ लिहिलेलं होतं. याहूनही बारीक मिळतात. पण रेंजरची रिम रुंद असते, तिच्यावर फार बारीक टायर नीट बसत नाही. शिवाय खड्ड्यात रिमला मार बसतो, आणि खड्ड्यांच्या बाबतीत आपला मराठवाडा उदार आहे.

दुसरी गोष्ट हवा. जुन्या टायरमध्ये पस्तीस-चाळीस पौंड हवा चालायची. या टायरला ती साठ-पासष्टपर्यंत चालते. किती चालते ते बगलेवर लिहिलेलं असतं, त्याच्या वर जाऊ नये. माझं वजन चौऱ्याहत्तर किलो. मी मागं पंचावन्न आणि पुढं पन्नासच्या आत ठेवतो. अंगठ्यानं दाबून 'ठीक आहे' म्हणायची आपली सवय इथं कामाची नाही. त्यासाठी ट्यूब घेताना मोटारसायकलसारख्या व्हॉल्व्हची घ्यावी, म्हणजे काट्याच्या पंपानं हवा मोजता येते. आणि पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरचा पाइप लावताना सावध राहावं. सायकलची ट्यूब एवढीशी, दोन सेकंद जास्त झाले की फट्!

एवढ्या दोन गोष्टींनी सायकलचा स्वभाव बदलला. तोच विष्णुपुरीचा फेरा, तीच वेळ, तोच मी, सव्वा तासात परत आलो. आवाज नाही. पहिल्यांदा रस्त्यालगतच्या पाखरांचा आवाज ऐकू आला.

तिसरी गोष्ट शॉकअप. नवीन असताना पोरांना त्याचं फार अप्रूप असतं. महागड्या सायकलीत तो कुलूप लावून बंद करता येतो. स्वस्तातल्यात नुसती स्प्रिंग असते, आणि चढावर तुम्ही हँडलवर भार देऊन जोर लावला की तो जोर स्प्रिंग खाते. चाचांनी तो काढून साधा लोखंडी चिमटा बसवायचं ठरवलं. इथंही एक मेख आहे. शॉकअप चिमट्यापेक्षा लांब असतो. तोकडा चिमटा लावला की सायकलचं नाक खाली जातं, हँडल चंचल होतं, आणि वळताना पायडल जमिनीला घासू शकतं. चाचांनी दोन्ही शेजारी उभे धरले आणि बोटं लावली. 'दोन बोटांचा फरक चालतो, चार बोटांचा नाही.' त्यांच्या दुकानातल्या ढिगातून तीन चिमटे बाद झाल्यावर चौथा जमला. त्याला ब्रेक बसवायचे खुंट आहेत की नाहीत आणि वरच्या नळीची जाडी नि आटे जुन्या वाटीला जुळतात की नाहीत, हेही पाहावं लागतं. चिमटा जमत नसेल तर शॉकअप राहू द्यावा. त्याच्यावाचून काही अडत नाही, टायरवाचून अडतं.

चिमटा काढला तेव्हा एक गोष्ट समजली. ही सायकल चालवताना हँडल सरळ आलं की खट्कन एका जागी अडकायचं. वळवताना जरा जोर लावावा लागायचा. मला वाटलं गंज असेल. चाचांनी वाट्या काढून उजेडात धरल्या. छर्रे जिथं बसतात त्या गोल वाटेवर ओळीनं बारीक खळगे पडले होते. एकेका छर्ऱ्याचा एकेक खळगा. 'यावर पुढच्या बाजूला कुणी तरी फार ओझं वाहिलंय. आणि सायकल सरळ धरून.' मी त्यांना पाण्याच्या कॅनचं सांगितलं. ते काही बोलले नाहीत. नव्या वाट्या आणि नवे छर्रे ग्रीसमध्ये बसवले आणि हँडल दोन बोटांनी फिरवून दाखवलं. जुन्या वाट्या मी कागदात बांधून घरी आणल्या. कशासाठी, ते विचारू नका.

आता माझी सगळ्यात मोठी चूक. रेसिंगच्या सायकलीला असतं तसं मेंढ्याच्या शिंगासारखं खाली वळलेलं हँडल मला हवं होतं. वय छप्पन्न, पण हौस सोळाची. चाचा नको म्हणत होते. रेंजरची मधली नळी मुळात लांब असते, त्यात ते हँडल पुढं झुकलेलं, पाठ मोडेल असं त्यांचं म्हणणं. मी ऐकलं नाही. दुसऱ्या एका ठिकाणी जाऊन ते हँडल आणि त्याच्यासोबतचे ब्रेकचे मुठे बसवून घेतले. लातूर रोडला विद्यापीठाच्या पुढच्या उतारावर एक म्हैस आडवी आली. मी मुठा आवळला. मुठा हँडलला टेकला, तरी सायकल चालतच राहिली. पाय घासत, शेजारच्या मातीत सायकल घालत कसाबसा थांबलो. कोपर सोलून निघालं. म्हैस शांत उभी होती.

झालं होतं असं. रेंजरला जे दोन उभ्या दांड्यांचे ब्रेक असतात, त्यांना व्ही-ब्रेक म्हणतात. ते पुरते आवळायला तार बरीच जास्त ओढावी लागते, आणि रेंजरचे मुठे तेवढी ओढतात. रेसिंगच्या हँडलचे साधे मुठे तेवढी तार ओढतच नाहीत. उभ्या सायकलवर ब्रेक लागल्यासारखा वाटतो, उतारावर खरं काय ते कळतं. दोन्ही जुळवायचे वेगळे मुठे असतात, पण ते महाग आणि आपल्याकडं सहज मिळत नाहीत. म्हणून हँडल आणि मुठे जिथले तिथं ठेवावेत. फार तर सरळ हँडल दोन्ही टोकांना दोन-दोन सेंटिमीटर कापून खांद्याच्या रुंदीचं करावं. मी सायकल घेऊन चाचांकडं परत गेलो. त्यांनी कोपराकडं पाहिलं, काही विचारलं नाही, आणि जुनं हँडल काढून ठेवलेलंच होतं ते पुढं केलं.

खरं तर ब्रेकचं काम सगळ्यात आधी करायला हवं, मी सांगतोय शेवटी. वर्षानुवर्षं उन्हात उभ्या राहिलेल्या सायकलची ब्रेकची रबरं दगड झालेली असतात. ती घासत बसू नये, नवी टाकावीत. केबलीही नव्या घ्याव्यात, आतल्या गंजामुळं मुठा सोडला तरी ब्रेक सुटत नाही. सायकल जितकी हलकी पळू लागते तितकी ती थांबायलाही हवी ना?

गिअरला मात्र हात लावू नये, असं माझं ठाम मत झालं आहे. अनेक जण सांगतात, सडकेवर चालवायची तर पुढचं चक्र मोठं टाका. हिशेब करून पाहू. माझ्या सायकलीला पुढं मोठं चक्र ४२ दात्यांचं, मागं सर्वांत लहान १४चं. म्हणजे पायडलच्या एका फेऱ्यात चाक तीनदा फिरतं. नव्या टायरसकट चाकाचा घेर साधारण दोन मीटर. एका पायडलला सहा मीटर. मिनिटाला साठ फेरे मारले तर ताशी एकवीस किलोमीटरच्या पुढं वेग होतो. सत्तर मारले तर पंचवीस. छप्पन्न वर्षांच्या कवीला याहून जास्त वेग कशाला हवा? शिवाय त्यापुढं लढाई वाऱ्याशी असते. वेग दुप्पट केला की वाऱ्याचा अडथळा चौपट होतो. उलट खालचे गिअर आपल्या कामाचे. पुढं २४ आणि मागं २८ घेतलं की एका पायडलला पावणेदोन मीटरही होत नाहीत. सायकल मुंगीसारखी चढते, पण चढते, आणि गुडघा कुरकुरत नाही. नांदेड समुद्रसपाटीपासून सुमारे ३६० मीटरवर आहे आणि लातूर ६३०च्या आसपास. वाटेत बालाघाटचे चढउतार आहेत ते वेगळेच.

राहिली सीट. आपल्याकडं सीट इतकी खाली ठेवतात की बसल्या बसल्या दोन्ही पाय जमिनीला टेकावेत. त्यानं गुडघ्याचं वाटोळं होतं, कारण तो प्रत्येक फेऱ्यात अर्धा मुडपलेलाच राहतो. सोपं माप सांगतो. सीटवर बसून टाच पायडलवर ठेवावी आणि पायडल अगदी खाली न्यावं. गुडघा तेव्हा सरळ झाला पाहिजे. चालवताना पायाचा पुढचा चवडा पायडलवर येतो, म्हणजे गुडघ्यात जेवढा बाक हवा तेवढा आपोआप राहतो. या कामाला एक पैसा लागत नाही. माझ्या गुडघ्याला टायरइतकाच याचा गुण आला.

टायर, ट्यूब, रबरं, केबली, चिमटा, वाट्या-छर्रे आणि चाचांची मजुरी मिळून साडेतीन हजारांच्या आत काम झालं. त्या रेसिंगच्या हँडलचे पैसे मी यात धरलेले नाहीत.

डिसेंबरात थंडी पडल्यावर मी निघालो. एका दिवसात जायचा हट्ट धरला नाही. पहाटे निघून सोनखेड, मग लोह्याला चहा. पुढं माळेगावला खंडोबाच्या यात्रेची तयारी चालली होती, घोडे उतरू लागले होते. तिथं एकानं सायकलला हात लावून विचारलं, 'कितीला देता?' माळाकोळीच्या पुढं चढाला मुंगीचा गिअर घातला. मुक्काम अहमदपूरला मित्राकडं. हा रस्ता आता बराचसा चौपदरी झाला आहे, त्यामुळं ट्रक अंगावरून जात नाहीत. पण कडेच्या पट्ट्यात फुटक्या टायरच्या तारा आणि बाभळीचे काटे साचतात. पहिल्या दिवशी एक पंक्चर झालं, ते तारेनं. दुसऱ्या दिवशी शिरूर ताजबंद, चाकूर, आष्टामोड, आणि दुपार टळताना लातूर.

आपा दारात उभी होती. माझ्याकडं पाहायच्या आधी तिनं सायकलकडं पाहिलं. टायर बदललेले, पुढचा शॉकअप गायब. 'ही तीच का?' म्हणाली. मग जवळ येऊन तिनं हँडल धरलं, जसं त्या उन्हाळ्यात कॅन उतरवताना धरायची तसं, आणि डावीकडं-उजवीकडं फिरवलं.

'आता मधे अडकत नाही रे,' ती म्हणाली, आणि पाणी आणायला आत गेली.